फेरीबोट बघून चाला : साखळी ते आग्वाद, मांडवीच्या काठाने

थंडीची चाहूल लागली की बेळगाव-कोल्हापूरकडचे आणि पुण्या-मुंबईचे ओळखीचे लोक एकच प्रश्न विचारतात : गोव्यात नदीच्या काठाकाठाने चार दिवस चालत जाता येईल का? येईल. मी डिचोली तालुक्यातला, ही वाट बरेचदा चाललो आहे आणि नवख्यांनाही बरोबर नेले आहे. त्यातून जे कळले ते इथे क्रमाने लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. गोव्यात नदीकाठाने सलग पायवाट नाही. कुठे खाजनाचा, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून वाचवलेल्या सखल शेतीचा बांध, कुठे कांदळवन, कुठे मिठागर, कुठे मध्येच घुसलेला खाडीचा फाटा. एकच काठ धरून बसलात तर तासाभरात चिखलात अडकाल किंवा हमरस्त्यावर ट्रकांच्या धुरात जाल. मांडवी चालायची ती काठ बदलत, आणि काठ बदलतो फेरीबोटीने. फेरी हा इथे चालण्याचाच भाग आहे. म्हणून रोज किती किलोमीटर हा हिशेब दुसरा. कोणत्या धक्क्यावर किती वाजता पोचायचे आणि ऊन चढायच्या आत कुठे टेकायचे, हा पहिला.

कधी निघायचे

त्रिपुरारी पौर्णिमा झाली की पाऊस गेला असे समजायला हरकत नाही. त्यानंतरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. पहाटे वीस अंशांच्या आसपास, नदीवर धुके, अंगावर एखादी शाल हवीशी वाटते. पण याला देशावरची थंडी समजू नका. साडेदहा-अकरानंतर तेच ऊन बत्तीस अंशांवर जाते आणि खाजनाच्या उघड्या रस्त्यावर डोक्यावर पानाचीही सावली नसते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. तेव्हा चाल दोन तुकड्यांत करा : उजाडताना निघून साडेदहापर्यंत, मग साडेतीन ते सहा. मधले तास जेवण, झोप, देऊळ, चर्च, गप्पा यांचे.

तारखांचे भान ठेवा. ३ डिसेंबरला जुने गोवे येथे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव असतो आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या प्रार्थना. त्या दिवसांत सिंधुदुर्गातून, बेळगावकडून भाविक पायी येतात. ती गर्दी तुम्हाला हवी असेल तर त्यांच्याबरोबर चालण्यासारखा अनुभव नाही, शांतता हवी असेल तर आठवडाभर थांबा. ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त. नाताळ ते नववर्ष हे दिवस मात्र टाळाच : पणजी आणि कांदोळीत खोली मिळाली तरी परवडणार नाही.

भरतीचा हिशेब

मांडवीला समुद्राची भरती पार आत, गांजेपर्यंत पोचते. त्यामुळे तुमच्या वाटेवरची जवळजवळ सगळी नदी रोज दोनदा चढते, दोनदा उतरते. मोबाईलवर वेळापत्रक मिळते, पण किनाऱ्यावरची जुनी रीत शिकून घ्या : त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी. ही वेळ नदीच्या मुखाकडची, वर दिवाडी बेटाकडे थोडी उशिरा. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण कालनिर्णयावर नजर टाकून दिवस आखता येतो.

याचा उपयोग काय? ओहोटीच्या वेळी फेरीच्या धक्क्याचा उतार खालपर्यंत उघडा पडतो. त्यावर हिरवे बुळबुळीत शेवाळ असते, आणि माणसे घसरतात ती तिथेच. तेव्हा उताराच्या मधोमध, जिथून गाड्यांची चाके जातात तिथून चाला. तिथले शेवाळ घासून गेलेले असते. बोट लागताना पुढची लोखंडी फळी साखळीवरून खडखडत खाली येते आणि सिमेंटवर आपटते. ती पूर्ण टेकेपर्यंत पाऊल पुढे टाकू नका, आधी दुचाक्या आणि गाड्या उतरू द्या. बोटीत कठड्याला टेकून उभे राहा, पाठीवरची पिशवी काढून पायाशी ठेवा.

पायी माणसाला या मार्गावरच्या फेरीबोटींत मला आजवर कधी पैसे पडले नाहीत. वेळ विचारायची तर धक्क्यावरच्या चहाच्या टपरीवर विचारा : "फेरी केन्ना सुटता?" उत्तर येईल, "आतां येतली." हे "आतां" पाच मिनिटांचेही असते आणि चाळीस मिनिटांचेही, म्हणून लगेच पुढचा प्रश्न : बोट आता कुठल्या काठाला आहे, आणि दुपारी किती वाजता बंद असते. हा दुसरा प्रश्न मी पहिल्या वेळी विचारला नाही. भाचीला घेऊन भर दुपारी नार्व्याच्या धक्क्यावर पोचलो तर बोट पलीकडच्या काठाला बांधलेली. पाणी संपलेले, सावली नाही. जवळच्या घरातल्या एका मावशींनी हाक मारली, "वतांत कित्याक उबीं? हांगा येयात, बसात." (उन्हात कशाला उभे? इकडे या, बसा.) कोकमाचे सरबत आणि तांब्याभर पाणी दिले. त्या दिवसापासून मी धक्क्यावर अकराच्या आत पोचतो, आणि पाण्याची एक बाटली बोट ओलांडल्याशिवाय उघडत नाही.

पिशवीत काय

पाच किलोच्या वर पिशवी नको. निम्मी वाट डांबरी आहे, त्यामुळे डोंगरातले जड बूट आणू नका. महिनाभर वापरलेले साधे चालण्याचे बूट आणि सुती मोज्यांचे तीन जोड. मोजे दुपारी बदलायचे आणि ओले पिशवीला बाहेरून बांधायचे. फोड येतो तो घामट मोज्याने, अंतराने नव्हे. टाचेला कुठे चुरचुरले की पुढच्या धक्क्याची वाट न बघता तिथेच बसून चिकटपट्टी लावा. दोन लिटर पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, रुंद काठाची टोपी, पहाटेसाठी हलकी शाल किंवा विंडचीटर, डासांचे मलम, बॅटरी, हातात एक काठी. काठी कुत्र्यांसाठी. दिवाडीवर सकाळी त्यांची टोळकी असतात, काठी जमिनीला टेकवत शांतपणे चालले की ती पुढे येत नाहीत. सुटे पैसे ठेवा, कारण टपरीवर फोनने पैसे देता येतात, पण रेंज प्रत्येक ठिकाणी असतेच असे नाही. खांदे आणि गुडघे झाकणारा एक कपडा लागेल, देवळातही आणि चर्चमध्येही.

पहिला दिवस : साखळी ते दिवाडी

सुरुवात साखळीजवळच्या विठ्ठलापूरहून, विठ्ठल मंदिरापासून करा. मंदिर वाळवंटी नदीच्या काठावर आहे, आणि त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री याच पात्रात सजवलेल्या नौका सोडतात. वाळवंटी पुढे मांडवीला मिळते. मांडवीला वर सत्तरीत म्हादई म्हणतात. पाणीवाटपाच्या वादामुळे हे नाव रोज वर्तमानपत्रात असते, पण जी नदी आपण बातम्यांत वाचतो तिचे पाणी हाताला लागणे ही वेगळी गोष्ट आहे. निघण्यापूर्वी घाटाच्या पायरीवर बसून पाच मिनिटे त्यात पाय सोडून बसा.

साखळीहून डिचोली सात-आठ किलोमीटर. पहिल्यांदाच चालत असाल तर हा तुकडा बसने करा आणि डिचोलीहून चालायला लागा. खरे सांगायचे तर या तुकड्यात रस्ता वाहता आहे आणि नदी फारशी दिसतही नाही. डिचोलीच्या बाजारात पोटभर नाश्ता करा : पाव आणि पातळ भाजी, नाहीतर गोड बन आणि मिरची भजी. पुढे नार्व्यापर्यंत भरवशाचे खाणे नाही. बाहेरगावहून रेल्वेने येणार असाल तर डिचोलीला थिवी स्थानक जवळचे.

डिचोलीहून नार्वे दहा-बारा किलोमीटर धरून चला. रस्ता खालीवर आहे, दोन्ही बाजूंना काजू आणि कुळागरे (माड-पोफळीच्या बागा), मधून खाणीच्या लाल मातीचे ढीग. उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चाला. हा नियम चारही दिवस.

नार्व्याला सप्तकोटेश्वराकडे वळल्याशिवाय धक्क्यावर जाऊ नका. हा गोव्याच्या कदंब राजांचा देव. मूळ देऊळ पलीकडे, तुम्ही आता जिथे जाणार त्या दिवाडी बेटावर होते. बहामनी फौजांनी ते पाडले, विजयनगरच्या काळात माधव मंत्र्याने पुन्हा उभारले, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पुन्हा पाडले. देव नदी ओलांडून इकडे आणला गेला, कारण या काठावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य नव्हते. १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथले देऊळ नव्याने बांधायची आज्ञा दिली, आणि तसा शिलालेख देवळावर आहे. अलीकडे राज्य सरकारने त्याची दुरुस्ती केली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुले झाले. देऊळ लहान आहे, चिरेबंदी, झाडीत दडलेले. दीपमाळेजवळच्या सावलीत बसले की एका नदीच्या दोन काठांत किती अंतर असू शकते ते समजते. देवाने ओलांडली तीच नदी आपण उलट्या दिशेने, पाच-दहा मिनिटांत, फुकटात ओलांडणार असतो. मला दर वेळी या ठिकाणी हात जोडावेसे वाटतात आणि मी जोडतो.

धक्क्यावर पोचा, पलीकडे जा. दिवाडीवर उतरलात की लगेच खाजन सुरू होते. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून वाचवलेली सखल शेती. भातकापणी होऊन गेलेली असते, सडावर गुरे चरतात, बगळे त्यांच्या मागे. रस्ता बांधासारखाच उंच आणि सरळ आहे. वाटेत कुठे पाण्याच्या तोंडाशी लाकडी दारे दिसली तर थांबा. ती मानस. या दारांना ना कुलूप ना चाक. भरतीचे पाणी बाहेरून दाबले की दारे आपोआप मिटतात आणि शेतात खारे पाणी शिरत नाही, ओहोटी लागली की आतले पाणी रेटा देऊन ती उघडते आणि साठलेले पाणी बाहेर निघून जाते. तिथीची पाऊणपट करून तुम्ही मानशीवर नेमके पाणी वळायच्या वेळी पोचलात तर हे डोळ्यांनी दिसते : आधी दारांच्या फटीतून करंगळीएवढी धार, मग फळ्या किंचित थरथरतात, मग एकदम फूटभर उघडतात आणि पाण्याबरोबर चमकणारी बारीक मासळी बाहेर पडते. ती टिपायला खंड्या तारेवर आधीच बसलेला असतो. शेकडो वर्षे ही बेटे या एवढ्याशा दारांवर जगली आहेत. आज कित्येक ठिकाणी बांध फुटून शेते खारी झालेली दिसतील, ते बघताना वाईट वाटते. मानशीच्या दारांना आणि जाळ्याला हात लावू नका, मासळीचा हक्क कोणाचा तरी असतो. बांधावरून चालायचे असेल तर जवळ जो दिसेल त्याला विचारा, "हांगच्यान वचूं येता?" (इथून जाता येईल?) सहसा कोणी नाही म्हणत नाही.

कांदळवनात मात्र उतरू नका. चिखल मांडीपर्यंत ओढतो, आणि मांडवी-झुआरीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. पाण्यात पाय सोडायची हौस विठ्ठलापूरच्या घाटावर भागवून घ्यायची ती म्हणूनच.

मुक्काम दिवाडीवर. घरगुती खोल्या मोजक्याच आहेत, आठवडाभर आधी ठरवून घ्या, जेवणाचेही तेव्हाच सांगा. जागा नसेल तर अंधार पडायच्या आत जुन्या गोव्याकडची फेरी धरा आणि बसने पणजीत झोपायला जा, सकाळी परत या. संध्याकाळी वेळ असेल तर पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चपर्यंत चढा. पलीकडच्या काठावर जुन्या गोव्याचे मनोरे माडांतून वर आलेले दिसतात. उद्याची वाट नकाशापेक्षा इथून चांगली कळते.

दुसरा दिवस : दिवाडी ते पणजी

पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा ऐकू आला की उठा. सायकलवरच्या टोपलीतून गरम उंडे किंवा पोळी (हे इथले पावच) घ्या, दोन जास्तीचे घ्या. गव्हाच्या कोंड्याची पोळी दिवसभर मऊ राहते आणि चालणाऱ्याला पोटभरीची होते.

साडेसातपर्यंत फेरीवर असा. या वेळी धुके असेल तर पलीकडचा काठ दिसत नाही, फक्त बोटीच्या यंत्राचा आवाज आणि पाण्यावरून येणारा थंड वारा. मध्यावर आलात की आधी माडांचे शेंडे आणि मग एकेक मनोरा उमटतो. बोटीतून उतरून सरळ वर चालू लागलात की तुम्ही व्हाइसरॉयच्या कमानीखालून जाता. पोर्तुगालहून आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय नदीतून येऊन याच वाटेने शहरात शिरत असे. कमान वास्को द गामाच्या पणतवाने, तो स्वतः व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या शेवटी उभारली. आजची बांधणी १९५४ ची. बसने येणारा पर्यटक ही कमान सहसा बघतच नाही, कारण तो मागच्या बाजूने येतो.

जुन्या गोव्याला दोन-अडीच तास द्या, जास्त नको. बॉम जेझू बॅसिलिका १६०५ मध्ये पूर्ण झाली, तिचा गिलावा काढलेला लाल चिरा सकाळच्या तिरप्या उन्हात फार सुंदर दिसतो. समोर सी कॅथेड्रल. थोडे चढून गेलात तर सेंट ऑगस्टिनचा उरलेला अर्धा मनोरा, ४६ मीटर उंच. १९८६ पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत आहे. एवढे मोठे शहर रोगराईने ओसाड पडले, लोक दगड उचलून पणजीला गेले, आणि मागे फक्त चर्चे राहिली. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, फोटो नंतर.

इथून पणजी नऊ-दहा किलोमीटर, आणि इथेच नवखे लोक चुकतात. फोनवरचा नकाशा हमखास बगलरस्त्याने नेतो. त्याचे ऐकू नका, तिथे चालायला जागा नाही आणि नदीही नाही. रायबंदरातून जाणारा जुना रस्ता धरा. डाव्या हाताला जुनी घरे, ओसऱ्या, उजव्या हाताला नदी, अधूनमधून माडांच्या खाली बसायला कठडे. रायबंदरात जेवा, धक्क्याजवळ दुपार काढा. पलीकडे चोडण बेट दिसते, त्याच्या पश्चिम टोकाला कांदळवनातले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. पक्ष्यांची आवड असेल तर एक दिवस वाढवून फेरीने तिकडे जा, थंडीत पाहुणे पक्षी उतरलेले असतात.

साडेतीनला पुन्हा निघा. रायबंदर संपले की तीन किलोमीटरचा तो सरळ बांधरस्ता लागतो, पोंत द लिन्यारिश. १६३३-३४ मध्ये बांधलेला, आणि आजही वाहता. डावीकडे मिठागरे, उजवीकडे मांडवी. रस्ता अरुंद आहे, म्हणून बाजू नीट निवडा. पणजीकडे जाताना संध्याकाळी सूर्य समोर असतो. तुमच्या दिशेने जाणाऱ्या चालकांच्या डोळ्यांवर ऊन येते, त्यांना कडेचा माणूस दिसत नाही. उजव्या बाजूने चाललात तर समोरून येणाऱ्यांच्या पाठीशी सूर्य असतो, तुम्ही त्यांना स्पष्ट दिसता, आणि नदीही तुमच्याच बाजूला. एकामागे एक चाला. फोटोसाठी मागे सरकू नका. चौघांपेक्षा मोठा गट असेल तर शेवटच्याने भडक रंगाचा कपडा घालावा.

मिठागरांकडे एकदा जरूर बघा. थंडीत वाफे तयार होत असतात. पाणी आरशासारखे स्थिर आणि त्यात अटल सेतूचे खांब उलटे दिसतात.

बांधरस्ता संपतो तो पाटोला, पणजीच्या उंबरठ्यावर.

पणजीत पूर्ण एक दिवस

दोन दिवस चाललेले पाय तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतात, म्हणून तिसरा दिवस पणजीत काढा. कित्येक जण हा मुक्काम गाळतात आणि चौथ्या दिवशी गुडघे धरून बसतात. आल्या संध्याकाळी कोमट पाण्यात मीठ टाकून वीस मिनिटे पाय बुडवा, फोड फोडू नका, मोजे धुऊन टाका.

पणजीत चालायचे ते पिशवीशिवाय, चपला घालून. सकाळी मार्केटमध्ये जा. थंडीत ताळगावची वांगी आलेली असतात, मोयरेची केळी असतात, मासळीच्या बाजूला आवाज असतो. उद्याच्या वाटेसाठी केळी इथेच घ्या. मग माळा आणि फोन्ताइन्यासच्या गल्ल्या. वरती मारुतीचे देऊळ, खाली रंगीत भिंती. तिथे लोक राहतात, त्यांच्या ओट्यावर चढून फोटो काढणे बरे नव्हे. दुपारच्या उन्हात पाटोवरचे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय गाठा. १८३२ साली स्थापन झालेली संस्था, आत गारवा आणि मराठी पुस्तकांची कपाटे. चालण्याच्या मुक्कामात तासभर शांत वाचत बसण्याइतका आराम दुसरा नाही.

चारनंतर नदीकाठाने मिरामारपर्यंत जा, तीन किलोमीटर. आदिलशहाचा वाडा, त्याच्याजवळचा आबे फारियाचा पुतळा, पुढे कला अकादमी, आणि मिरामारला भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी. पणजी १८४३ पासून गोव्याची राजधानी आहे आणि तिचे तोंड नदीकडे आहे, हे मोटारीतून कळत नाही. मिरामारच्या वाळूत उभे राहून पलीकडे बघा : उजवीकडे रेईश मागूशचा किल्ला, आणि डावीकडे समुद्रात घुसलेले टोक, ते आग्वाद. उद्या संध्याकाळी तुम्ही तिथे असाल.

रात्रीचे जेवण साधे ठेवा. शीत (भात), हुमण (माशाची आमटी), सोलकढी. हुमण सोसेलच असे नाही, म्हणून चालण्याच्या आदल्या रात्री तिखट जपून.

चौथा दिवस : बेती ते आग्वाद

पणजीच्या धक्क्यावरून बेतीची फेरी. पाण्यावर असता ती थोडी मिनिटे, पण तेवढ्यात वर मांडवीचे तिन्ही पूल आणि खाली नदीचे रुंदावलेले मुख दोन्ही दिसतात. सकाळी सातची वेळ चांगली, पलीकडून कामाला येणाऱ्यांची गर्दी उलट दिशेने असते.

बेतीहून वेर्‍यावरून रेईश मागूश तीनेक किलोमीटर, सारखी नदीला लागून. मासळीच्या होड्या, जाळी सुकवणारी माणसे. चर्चच्या पायऱ्या चढा आणि मागचा किल्ला बघा. जुनी गढी आदिलशाहीची, त्यावर १५५१ साली पोर्तुगिजांनी किल्ला बांधला. दुरुस्ती होऊन २०१२ मध्ये तो लोकांसाठी उघडला. आत मारियो मिरांडांची चित्रे लावलेली आहेत. इथे नदीचे मुख अरुंद होते, म्हणून तोफा इथे, हे तटावर उभे राहिले की सांगावे लागत नाही.

पुढे नेरूल. कोको किनाऱ्याची वाळू ओहोटीला रुंद आणि घट्ट असते, भरतीला तिथे चालायला फार थोडी जागा उरते, तेव्हा तिथी बघून निघा. जमत नसेल तर वरचा गावातला रस्ता आहे. नेरूलच्या खाडीवरचा पूल ओलांडला की कांदोळी-सिकेरीची पर्यटकांची गजबज लागते. हा तुकडा भराभर उरका, ऊन चढलेले असते. सिकेरीत सावलीत दुपार काढा.

साडेतीनला शेवटची चढण. आग्वाद म्हणजे पाण्याची जागा. समुद्रावरून आलेली जहाजे इथल्या झऱ्याचे गोडे पाणी भरून घेत, आणि म्हणून १६१२ साली किल्ला इथे आला. वर भले मोठे भूमिगत टाके आहे आणि १८६४ चा दीपस्तंभ. खालच्या तुरुंगात गोवा मुक्तीचे सैनिक होते, राम मनोहर लोहियांनाही १९४६ साली इथेच ठेवले होते. आता तिथे संग्रहालय आहे. १९ डिसेंबर, मुक्तिदिनाच्या आसपास तुमची चाल असेल तर आधी तिकडे जा, किल्ला नंतर. दोन्हींच्या बंद होण्याच्या वेळा सकाळी सिकेरीतच विचारून ठेवा.

तटाच्या नदीकडच्या कोपऱ्यावर उभे राहिलात की पाण्यात एक रेघ दिसते : अलीकडे नदीचे गढूळ हिरवे, पलीकडे समुद्राचे निळे. ओहोटीला ती रेघ बरीच बाहेर सरकलेली असते. विठ्ठलापूरला पायांवरून गेलेले पाणी कधीतरी इथून बाहेर पडते.

उतरताना अंधार होऊ देऊ नका, रस्त्यावर दिवे मोजकेच आहेत. सिकेरी-कांदोळीहून पणजी आणि म्हापसा या दोन्हीकडे खाजगी बसगाड्या आहेत, पण संध्याकाळनंतर त्या विरळ होतात. साडेसहापर्यंत थांब्यावर असा, खिडकीची जागा मिळाली तर डाव्या-उजव्याचा विचार करू नका, बूट सैल करून बसा.